होता की नव्हता

मोठे साहेब कधी सरळ उत्तर देत नाहीत म्हणता, पण मी एकदा ऐकलंय. गुप्तचर खात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले एक साहेब पुढे सरकारचे सल्लागार झाले आणि गडचिरोलीतल्या आमच्या गावी लोकांना भेटायला आले. माझ्या धाकट्या भावाला नक्षल्यांनी खबरी समजून मारलं होतं. तेव्हापासून भीतीनं कुणी आमच्या दारात येत नव्हतं.

सभेत आई उठली. "साहेब, माहा पोरगा तुमचा खबरी होता का नाई, येवढंच सांगा."

"आई, आमच्या नोकरीत हे कधीच सांगत नाहीत. हो पण म्हणत नाही अन् नाही पण म्हणत नाही."

"नोकरी तं संपली ना जी तुमची?"

लोक हसले. साहेब हळूच म्हणाले, "मी तुमच्या घरी चहाला येतो."

"नोको जी! तुमची गाडी माह्या दारात थांबली, तं गाव म्हणन, होताच."

 साहेब माईक जवळ ओढून म्हणाले, "तो आमचा माणूस नव्हता."

त्यांना खरंच ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी शेजारीण आईकडे वाटीभर तिखट मागायला आली.