गच्चीवरची रमी

आता खात्रीने सांगवत नाही, लक्ष्मीपूजन होतं की भाऊबीज. पण कलकत्त्याला, डमडमच्या आमच्या सोसायटीची गच्ची होती, एवढं नक्की. बदलीवर आलेले आम्ही चौघे मराठी अधिकारी तिथे पैसे लावून रमी खेळत होतो. कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस ठाण्याचे दारोगाबाबू वर आले.

"जुगार चाललाय?"

"छे हो, घरच्या घरी आपलं," जोशी म्हणाले.

"घर खाली राहिलं. गच्ची सगळ्यांची."

जोशींची बढतीवर पुण्याला बदली ठरत आली होती. मी चाचरत म्हटलं, "एखाद्या वकिलाला विचारू या का?"

"वकील कशाला? बोभाटा होईल! गुन्हा कबूल करू, दंड भरू, मोकळे होऊ," जोशी म्हणाले.

सेक्रेटरी घोषबाबूंनीही मान डोलावली. "भले लोक कोर्टात भांडत नाहीत, जोशीमोशाय."

आम्ही दंड भरला. कबुलीची बातमी ऑफिसात पोचली आणि जोशींची बढती गेली. ते कलकत्त्यातच निवृत्त झाले, तिथेच वारले.

पुढे कित्येक वर्षांनी मी तो कायदा मिळवून वाचला. बंगालच्या कायद्यात रमी जुगारात धरलेलीच नव्हती.