निरोप्याचं जुनं दार

...नाही, पण मी म्हणते, देवापुढे हात जोडताना माणसाने वाक्य जरा जपून करावं की नाही? मी काय म्हणाले, "देवा, या निरोप्याची साफसफाई माझ्या हातून पुरी होऊ दे. ती होईपर्यंत त्याच्यापायी मी कुणाला वाकडा शब्द बोलणार नाही, लिहिणार नाही." झालं. अडकले.

निरोप्या कोण, असं दिसतंय तुमच्या चेहऱ्यावर. तुम्हाला सांगते, तो माणूस नाही, प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरमध्ये एका वेळी ढीगभर प्रोग्राम चालू असतात आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत कडी लावून बसलेला, याचं त्याला ऐकू जात नाही, अगदी आमच्या घरासारखं. मग याची चिठ्ठी त्याला नेऊन द्यायची, त्याचं उत्तर याला आणून द्यायचं, हे निरोप्याचं काम. लिहिला माझ्या दिरांनी, आणि जगाला उघडा करून ठेवला. कुणीही न्या, फुकट वापरा, आत डोकवा, चूक दिसली तर सुधारा. त्यातलं 'सुधारा' तेवढं कुणी वाचलं नाही, ते असो.

पुढे भावजींना मोठी नोकरी लागली. "वहिनी, लग्नाआधी तुम्ही हेच काम करायचात, दोन दिवस जरा लक्ष ठेवा, मी येतोच." येतोच म्हणून गेले, त्यांची मुलगी रांगायची तेव्हा, आता ती शाळेतून प्रगतिपुस्तक आणते... पण मी काही बोलले नाही. नेम आहे ना माझा.

आत डोकावले तर काय, माळाच. एका जागी भावजींनी लिहून ठेवलंय, 'हे का चालतं कळत नाही, हात लावू नये.' त्याखाली दुसऱ्याच कुणीतरी, 'मीही लावला नाही.' त्याखाली तिसरा, 'मी लावला. क्षमा करा.' आता सांगा, यात कुठून केरसुणी घालायची? पण घातली. सगळे बाहेर पडले की जेवणाच्या टेबलावर एकीकडे शेंगा सोलायच्या, एकीकडे कोड निवडायचं.

तर या निरोप्याला दोन दारं. नवं भक्कम, आणि जुनं असं, की याची चिठ्ठी वाटेत कुणीही उघडून वाचावी. ते बुजवायचंच होतं. पण आमच्यात एकदम बुजवत नाहीत हो, आधी पाटी लावतात. 'हे दार बंद होणार आहे, कृपया नव्या दाराने या.' जुन्या दाराशी कुणी आलं की पाटी समोर. वर्षभर लावली, कुणी ब्र काढला नाही. मला वाटलं, किती शहाणं जग आहे. घरीसुद्धा जेवताना सांगितलं, "अहो, निरोप्याचं जुनं दार मी काढून टाकतेय."

"हं."

"कुणाची अडचण नाही ना व्हायची?"

"हं."

म्हटलं, बरं. बुजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरनेटवर निरोप्याची तक्रारवही असते, तिच्यात पहिली तक्रार. पाठवणाऱ्याने स्वतःला नाव दिलंय 'शांतताप्रिय', आणि भाषा बघा, "आमचं गोदाम ठप्प आहे. कुणाला विचारून दार बंद केलंत? घरी काही कामधंदा नाही वाटतं." मी तिथे 'देखभाल' एवढ्याच नावाने लिहिते. लिहिलं, "नमस्कार. त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. वर्षभर पाटी होती, दिसली असेलच." तर उत्तर काय, "पाट्या दिसूच नयेत अशी सोय आम्ही करून घेतली आहे." म्हणजे मी दारात उभी राहून वर्षभर ओरडतेय, आणि यांनी कानात बोळे घातलेत... पण मी काही बोलले नाही. नेम आहे ना माझा.

आता तक्रार केली की बिघाड दाखवणारा छोटासा नमुना पाठवायचा, अशी रीत आहे. तो मी गोड शब्दांत मागितला, त्यांनी पाठवला. अशा नमुन्यात लोक चिठ्ठीत काहीही टाकतात, 'चाचणी चाचणी', 'एक दोन तीन'. या शांतताप्रियांच्या चिठ्ठीत काय असावं?

'बाहेरचा दिवा बंद केलास का? सगळं मलाच बघावं लागतं.'

मी वाचलं आणि तोंडातून आपसूक गेलं, "केलाय हो." रिकाम्या स्वयंपाकघरात. आणि मग हातातली शेंग हातातच राहिली.

अहो, तुम्ही? सगळा संसार झाला रोज रात्री त्या दिव्याचं हेच वाक्य ऐकत, शब्द न शब्द ओळखते मी. समोर बसून वर्षभर जेवलात, 'हं' म्हणालात, आणि वर मला कामधंदा नाही?

संध्याकाळी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला. विचारलं, तर म्हणाले, "देखभाल नावाचा कुणी रिकामटेकडा आहे, चालतं काम मोडलं त्याने. नव्या दाराकडे वळायचं तर महिने जातील. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत चालू झालं नाही तर दुसरा माणूस बघतो. निरोप्या घेऊ या, असा हट्ट मीच धरला होता ना."

"का बरं धरलात?"

"भावाने लिहिलेला. घरचंच म्हटलं. आता त्याला फोन केला तर म्हणतो, मी कधीच सोडलं, हल्ली कुणीतरी बघतं."

कुणीतरी. भावजी, बघते हो, कुणीतरी बघते. त्या क्षणी जिभेवर काय काय आलं होतं... पण बोलले नाही. यांच्याकडे पाहिलं, उठले, आणि पानं वाढायच्या आत वर्षभर खपून बुजवलेलं दार माझ्याच हातांनी पुन्हा उघडलं. लगेच शांतताप्रियांचं उत्तर, "आभार. आपल्यासारखी समजूतदार माणसं घरोघरी हवीत."

जेवताना मी सांगितलं. "अहो, ती देखभाल म्हणजे मी."

"हं. मीठ दे जरा."

आता कुणीही म्हणेल, चांगलं खडसावायचं होतंस. कशी खडसावू? नेम काय, साफसफाई पुरी होईपर्यंत. जुनं दार उघडं आहे तोवर साफसफाई पुरी नाही, आणि यांची नोकरी आहे तोवर दार उघडं. देवाने माझं वाक्य शब्दशः धरून ठेवलंय. त्याचा तरी काय दोष, सगळ्या घरात माझं बोलणं नीट ऐकणारा तोच एकटा.

पाटी मात्र मी पुन्हा लावलीय. दिसेल कधीतरी, आशा सोडायची नाही. आणि तुम्हीही असा एखादा नेम धराच, माझं ऐका. घरात शांतता नांदते. आमचे शांतताप्रिय तर अगदी मजेत आहेत.