माहेरची गादी

माझ्या नणंदेला बघायला अमळनेरकडचे पाहुणे आले तेव्हाचं सांगते, पण बाहेर बोलू नका. त्या वर्षी पावसाची झड काही थांबेना. कापलेलं गवत शेतात सडायला लागलं, म्हणून वाचलं तेवढं घरात आणून पसरलेलं. पाहुण्यांना पसारा दिसू नये म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशीच ते ओलं गवत खाटेवर दाबून भरलं आणि वर माझी लग्नातली नवी गादी टाकली. म्हणाल्या, "पाव्हना काय गादी उचली देखतीन का?"

मुलाचे वडील नेमके तिथेच बसले. थोडा वेळ चुळबुळ करून म्हणाले, "अक्का, गादी ऊन काबर लागस?"

ओलं गवत दाबलं की तापणारच. सासूबाई म्हणाल्या, "सुनना माहेरनी शे. कापूस भारी शे ना!"

मी पदर पुढे ओढला. मुलाच्या वडिलांनी गादीखाली हात घातला, बुरसटलेलं, वाफाळतं मूठभर गवत बाहेर काढलं आणि मलाच विचारलं, "मंग हाऊ कापूस बी तुना माहेरनाच का, बेटा?"

लग्न जमलं. पण आता व्याही आले की आधी गादी चाचपतात, आणि मी पदर आणखी पुढे ओढून चहा ठेवते.