पाचवीतली तिसावी जागा

नाई, नाई, देवाजीभाऊ, कापड तं चांगलंच हाय, कापडाले कोन नाव ठेवते — मी म्हनतो, ऐन धान कापाच्या दिवसात शेत टाकून चिमूरकडून इतक्या दूर आले, अन् कायच्यासाठी? तं पोरीले मिशनच्या शाळेत घालाले! बसा, बसा त्या पेटीवर. बिडी घ्या. वढत नाई? बरं हाय, तिथी चालन बी नाई. फाटकात बिडीवाला बाप दिसला तं त्या एस्तेरबाई — मोठ्या बाई हो, समदे त्याइले मिसबाईच म्हनतेत, गोरी मडम गेल्यापासून ह्याच पाहातेत शाळा — त्या काही बोलत नाई, नुसत्या पाहातेत. अन् ते पाहानं असं, का मानसानं बिडी खिशातच विझवावी. माहा खिसा जळला हाय, दाखवू? अन् माप कुठी हाय? पोरीले आनलंच नाई? ही सुतळी? अच्छा, गाठी मारून देल्ल्या मायनं — ही उंचीची गाठ, ही छातीची. हुशार हाय बाई. पन खांद्याची गाठ कुठी हाय याच्यात? मी काय अंदाजानं खांदा कापू? पाहू, करू काही तरी. कय्यूम टेलरकडून कापड वापस गेलं असं नागभीडमधी कोनी म्हनलं नाई अजून. सात वर्सं झाली त्या शाळेचे निळे झगे मीच शिवतो.

तं फाटकावरची पाटी पाह्यली का? वाचता येत नाई? मी सांगतो, मले पाठ हाय, रोज सायकलनं समोरून जातो ना. 'खरे बोला. दुसऱ्याचे घेऊ नका. आपले काम आपल्या हाताने करा. चुकले तर उभे राहून सांगा. जो सांगेल त्याला क्षमा करा.' पाच ओळी. पांढऱ्यावर काळ्या, दरसाली नवा रंग मारतेत. वा! मी म्हनतो, हे काय आपल्या घरी सांगत नाई? माह्या अम्मीनं मले हेच सांगतलं, तुमच्या मायनं तुमाले हेच सांगतलं असन. पन आपल्या माया सांगतेत अन् चुलीकडं जातेत — पोट्ट्यानं तसं केलंच पाह्यजे असा हट्ट धरून बसतेत का? हे लोकं बसतेत! हाच तं रोग हाय. आता ते 'आपले काम आपल्या हाताने' घ्या. गुनवंतराव मालगुजाराची पोरगी — मालगुजारी गेली, पन ताठा गेला का? — तं त्या पोरीच्या हाती पह्यल्याच दिवशी खराटा देल्ला. अन् आंगन नाई जी, संडास! मंगळवारी तिची पाळी, बुधवारी जंगलातल्या गोंडाच्या पोरीची पाळी, गुरुवारी आनखी कोनाची. जेवाले बी एकाच पंगतीत. मालगुजारीन बाई गाडी जुपून आल्या, फाटकात रडल्या, पदर डोळ्याले लावला. मिसबाईनं त्याइले पानी देल्लं, खुर्ची देल्ली, अन् म्हनल्या, 'तुमची मुलगी फार छान झाडते.' छान झाडते! हसा, हसा. तुमची बी झाडन.

अन् वर्गात पोरी तीसच. एकतिसावी घेत नाई, कलेक्टराची चिठ्ठी आनली तरी. काऊन? तं मिसबाई म्हनतेत, मले तीस पोरीइचे चेहरे वाचता येतेत, एकतिसावा नाई येत. चेहरे! सरकारी शाळेतला मास्तर साठ पोट्टे घेऊन बसते, अन् झोपते बी मजेत. हे चेहरे वाचतेत. नाई, धरमाची तशी जबरदस्ती नाई, खोटं काऊन बोलू. आमच्या मोहल्ल्यातले म्हने, पोट्टी किरिस्ताव होईन, डोक्यात वारं भरन. तीन वर्सांत कोनी तिले काही म्हनलं नाई. त्याइची प्रार्थना चालू असली का ती तिथीच बसून आपला कलमा म्हने, मिसबाईनंच सांगतलं होतं, तुझं तू म्हन म्हनून.

कोन? माही पोरगी ना. साबिरा. होती ना तिथी. होती म्हंजे — हाय. नाव हाय तिचं. सद्या घरी हाय, बस. त्या पडद्यामांगं काज करून राह्यली, तीच. ऐकू येते तिले, येऊ द्या. दोन महिने झाले, बापासंग 'हो' अन् 'नाई' याच्या पलीकडं शब्द नाई. जेवली का? हो. बरं नाई का? नाई. मायसंग बोलते, शेजारच्या शेळीसंग बोलते, माह्यासंग 'हो' अन् 'नाई'. हे शिकवतेत तिथी.

काय झालं? काही नाई झालं. त्याइची ती शनवारची सभा. तुमाले सांगतलं नसन कोनी, मी सांगतो, मंग ठरवा पोरीले घालाचं का नाई. दर शनवारी शाळा सुटाच्या आंधी समद्या पोरी व्हरांड्यात बसतेत. जिचं काही चुकलं असन ती आपल्या मनानं उभी राहाते अन् सांगते. दुसऱ्याचं सांगाचं नाई — फक्त आपलं. मी हिचं पेन लपवलं, मी दूध सांडवलं अन् मांजरीचं नाव घेतलं, असं. मिसबाई ऐकतेत अन् म्हनतेत, 'बस. संपलं ते.' खलास! ना छडी, ना कान धरनं, ना दुसऱ्या दिवशी कोनी टोमना मारत. आता मले सांगा, देवाजीभाऊ, हे काय वागनं झालं? गावात पंचायत बसते तं मानूस शेवटपर्यंत नाई नाई म्हनते, साक्षी फिरवते, शपथ खाते — तिथी कुठी उभं राहून सांगते कोनी? इथी अकरा वर्साच्या पोरी सांगून राह्यल्या!

तं माही शहानी उभी राह्यली. पोळा झाल्यावरच्या शनवारी. अन् म्हनली — म्हनली का, 'माझी दप्तराची पिशवी शाळेच्या झग्याच्या कापडाची आहे. मला माहीत होतं, तरी मी वापरली.' बस, इतकंच.

आता असे पाहू नोका, मिसबाईवानी. शिवनाराचा धंदा हाय, कातरन ज्याची त्याचीच असते, हा काही मी केलेला कायदा नाई, माह्या बापाच्या बापापासून चालून राह्यलं. कातरन किती? आता किती म्हंजे — झग्याले आठ चुन्या घालाच्या असतेत, मी सहा घालत होतो. दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. पोरी काय घेर मोजत बसतेत? साठ-सत्तर झगे झाले का एक चांगला तुकडा निघे. त्याच्यातून हाजराच्या — माह्या घरवालीच्या — उशीची खोळ निघाली, पोरीची पिशवी निघाली. पोरीसाठीच केली ना! दोन बंद लावले, आत कप्पा केला पाटीसाठी. त्या पिशवीसाठी मी दोन संध्याकाळा मान मोडून बसलो, अन् ती चारचौघात उभी राहून सांगते!

घरी येऊन बी तिनंच सांगतलं. पिशवी माह्यापुढं ठेवली घडी करून, म्हनली, अब्बा, मी सांगून आली. माह्या तळपायाची आग मस्तकात! तसाच चप्पल न घालता शाळेत गेलो. मुख्य दरवाजातून, ओरडतच. म्हनलं, माही पोरगी खोटी हाय, मी कापड मारलं नाई, माह्या घरात येऊन पाहा, आत्ताच्या आत्ता तिले उभं करा अन् बोल वापस घ्याले लावा! शाळा सुटली होती, पन तिथीच राहानाऱ्या समद्या पोरी खिडकीतून पाहून राह्यल्या. मास्तरीनी पाहून राह्यल्या. अन् मिसबाई इतक्या हळू बोलल्या — 'कय्यूमभाई, तुमचं नाव कुणी घेतलं?'

कोनीच नव्हतं घेतलं, देवाजीभाऊ. पोरीनं आपल्यापुरतंच सांगतलं होतं. मिसबाई 'बस' म्हनल्या, ती बसली, संपलं होतं ते. कोनाच्या ध्यानात बी आलं नसतं कदाचित. मीच पायी चालत गेलो अन् भर शाळेत ओरडून सांगतलं. अन् आता तुमाले बी सांगून राह्यलो. तुमी तं झगा शिवाले आले होते!

मंग मी पोरीले म्हनलं, जा, पुढच्या शनवारी उभी राहा अन् म्हन, माही चूक झाली, पिशवी बाजारच्या कापडाची हाय. तं म्हने, 'अब्बा, खोटं कसं सांगू?' बस्स. मी दप्तर उचललं, माळ्यावर टाकलं. म्हनलं, नाई जाचं शाळेत. घरी बस, काज कर. तिच्या मायले वाटलं चार दिवसांत राग उतरन. उतरत नाई माहा. अन् ती मिसबाई काय करते? शिव्या देल्ल्या असत्या, तं मी बी चार देल्ल्या असत्या, मोकळा झालो असतो. पोलिसाकडं जाती, तं मी मोहल्ल्यात म्हनलं असतं, पाहा, गरिबावर जुलूम. तं नाई! आठ दिवसांनी नव्या झग्याइचं कापड माह्याच दुकानी धाडलं. तसंच, पूरं, बांधलेलं. हे काय वागनं झालं? हा मार हाय, भाऊ, हा छडीपेक्षा वाईट मार हाय. आठ-आठ चुन्या घातल्या मी. चिंधीन् चिंधी गठ्ठ्यात बांधून वापस पाठवली. भेलो म्हनून नाई, चिडून पाठवली! अन् स्वतः आल्या एक दिवस इथी, तुमी बसले ना, त्याच पेटीवर बसल्या. म्हनल्या, 'साबिराची जागा मी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत ठेवते, कय्यूमभाई. तिला पाठवा. जूनपासून दुसरी एक मुलगी वाट पाहत आहे.' मी मान वर केली नाई. मशीन चालूच ठेवली.

नाई नाई, पाठवीन ना, पाठवनार नाई असं नाई. आनखी थोडं थांबू द्या त्याइले. येऊ द्या पुन्हा दुकानात, दोनदा-तीनदा येऊ द्या. ज्याइले क्षमेचा रोग हाय ते थांबतेत, मी वळखतो ना त्याइले! शाळा उघडली म्हनून काय लगेच नाव काढतेत? लोकं बोलाले असंच बोलतेत, आजपर्यंत म्हनतेत अन् महिनाभर थांबतेत. जागा हाय तिची तिथी, तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. कुठी जाते ती?

हां, तं तुमच्या पोरीचं नाव सांगा, कापडावर चिठ्ठी लावतो. मनकर्ना. बरं. वर्ग?

पाचवी? नाई, तुमाले बराबर समजलं नाई. पाचवीत जागा नाई. तीस भरल्या हाय तिथी. साबिरा पाचवीतच हाय, मले माईत नाई का? दुसऱ्या कोन्या वर्गात घेतलं असन. — जूनपासून नाव लावून होते? तुमी? — काल शाळा उघडली अन् कालच त्याइनं सांगतलं. काय सांगतलं? एकच जागा खाली झाली म्हनून. — बाक पाह्यलं का तुमी? पोरीचं बाक दाखवलं असन ना, दाखवतेत त्या. कुठलं?

खिडकीजवळचं.

नाई, काही नाई. सुई टोचली. बसा तुमी, बसा, तुमी काऊन उठले? तुमची काय चूक? सहा महिने वाट पाह्यली तुमच्या पोरीनं. पाहा आता! पाहा ह्या बाईचं! दिवाळीपर्यंत म्हनली, तं दिवाळीपर्यंतच! एक दिवस इकडं नाई, एक दिवस तिकडं नाई. दुसरा कोनी असता तं चार दिवस थांबला असता, निरोप पाठवला असता. खरं बोला म्हने! असं खरं असते का कुठी? माह्यावानीच बोलाले काय झालं होतं तिले, जराशी खोटी निघाली असती तं काय —

असो. खांद्याचं माप पाह्यजे ना. उंची, छाती — सुतळीच्या गाठी पाहातो तं माह्या पोरीच्याच अंगाची दिसते तुमची. साबिरा! बाहीर ये. ये बेटा, माप घेऊ दे, ह्या भाऊच्या पोरीचा झगा हाय. पाठ कर इकडं. हात बाजूले. पाहा कशी उभी राहाते, रांगेत उभी असल्यावानी. खांदा तेरा. मान सरळ ठेव. ऐकलं ना तू समदं आतून? — हो. — तुह्या बाकाचं बी? — हो. — रडून राह्यली का? — नाई.

ठीक हाय. घेर पूरा, आठ चुन्या. खालून चार बोटं दाबून ठेवतो, देवाजीभाऊ, पोरगी वाढली का उसवून घ्या. उरलेला तुकडा घडी करून देईन, इवलीशी चिंधी बी घेऊन जा, इथी सोडू नोका. — काय म्हनली, साबिरा? जोरात बोल. खिसा आतून लावा? बाहीरचा खिसा चालत नाई, पह्यल्या दिवशी तिले वापस पाठवतीन? — सात वर्सं आतूनच लावतो मी, तरी सांगून राह्यली.

दोन महिन्यांत इतकं बोल्ली, देवाजीभाऊ. तुमच्या पोरीसाठी बोल्ली.

लावतो, बेटा. आतून लावतो. जा तुमी आता. झगा परवा घेऊन जा, तयार असन. नाई, आज दुसरं काही घेत नाई मी, दुकान बंद हाय. काय पाहून राह्यले? जा म्हनलं ना! अन् जाता जाता तो बाहीरचा पडदा ओढून घ्या. साबिरा, तू नोको उभी राहू. तू बस त्या पेटीवर, अशी. मी उभा राहातो.