साळ्यासाठी सायकल

पुनम : हे नका घेऊ, भाऊ. दिसते चिकनी, पण तुमच्या साळ्याले नाई पुरत.

हेमराज : काऊन? नवीच तं दिसून राह्यली.

पुनम : चाकं पाहा. वीस-वीस तारा. ज्या पोरीनं विकली, तिचं वजन पंचावन किलो. रेसिंगची सायकल जेवढी हलकी तेवढी नाजूक असते. साळ्याचं वजन किती म्हटलं तुम्ही?

हेमराज : असन... पंच्याऐंशी. नव्वद समजा.

पुनम : उंची?

हेमराज : माह्याएवढीच.

पुनम : आणि अंगानं?

हेमराज : अंगानंबी तसाच. थोडासा भरलेला.

पुनम : मंग तुम्हीच बसून पाहा ना. तुमच्या मापानं सीट लावून देते, त्याले बरोबर येईन.

हेमराज : नाई नाई. मी काऊन बसू? तो एटापल्लीले राह्यते. तिकडं अशी सायकल भेटत नाई, चंद्रपूरले भेटते म्हणे, म्हणून मी आलो.

पुनम : आतापर्यंत कोणती चालवत होता?

हेमराज : होती एक. मोडली.

पुनम : काय मोडलं?

हेमराज : मागचं चाक. रस्त्याच्या मोरीजवळ खड्डा होता, दिसला नाई. पापडासारखं वाकलं.

पुनम : साधी होती का रेसिंग?

हेमराज : साधीच. लेडीज.

पुनम : साळा लेडीज सायकल चालवते?

हेमराज : ताई, तुम्हाले विकाची आहे का नाई?

पुनम : विकाची आहे, म्हणूनच विचारून राह्यली. सहा वर्षं स्टेटच्या शर्यतीत चालवली मी. आता दहा वर्षं झाले, याच दुकानात चाकं बांधते. चुकीच्या वजनावर सायकल दिली आणि उतारावर चाक गेलं, तं माणूस जाते, भाऊ. मले नाव नाई पाह्यजे कोणाचं. फक्त खरं वजन सांगा.

हेमराज : शंभर.

पुनम : शंभरच्या आत का वर?

हेमराज : वर.

पुनम : दुकानात आपण दोघंच आहोत.

हेमराज : एकशे अठ्ठावीस.

पुनम : बरं.

हेमराज : तुम्ही हासल्या नाई.

पुनम : हासाचं काय त्यात? आता समजलं मले कोणती द्याची ते. पण एक सांगा, साधी काळी सायकल काऊन नाई घेत? मजबूत असते. रेसिंगच काऊन?

हेमराज : मोहर्लीच्या रोडनं जाते ना सकाळी शहरातले लोक. हेल्मेट, काळा चष्मा, खाली वाकलेले. सर्रकन जाते. कोण होता, कसा होता, कोणाले समजत नाई. साध्या सायकलवर माणूस हळू जाते. सारा दिसते.

पुनम : अच्छा. मंग त्या कोपऱ्यातली पाहा, हिरवी. रंग उडला आहे, उचलाले भारी आहे, म्हणून दोन वर्षं झाले कोणी हात नाई लावला. फ्रेम लोखंडी. कार्बनची मागितली असती तं मीच नाई म्हटलं असतं. तिले चीर जाते ते दिसत नाई, आणि एक दिवस एकदम तुटते. हिले चाकं मी नव्यानं बांधून देते, छत्तीस तारांची. टायर जाड टाकते. महिनाभर चालवा, मंग तारा घट्ट कराले एकदा घेऊन या.

हेमराज : टिकन?

पुनम : टिकन. खड्डा आला तं सीटवरून थोडं उठाचं, सारं वजन मागच्या चाकावर नाई सोडाचं. चला, बसा.

हेमराज : रस्त्यावरून दिसते इथलं.

पुनम : शटर अर्धं ओढते. आता तं बसा. मी हँडल धरलं आहे.

हेमराज : वाजली. ताई, काहीतरी वाजलं.

पुनम : सीट वाजली. चामड्याची आहे, सुरुवातीले वाजते. पाय वर घ्या.

हेमराज : सोडू नका.

पुनम : नाई सोडत. हां, आता कसं? गुडघा मोकळा आहे. मान दुखते का?

हेमराज : नाई.

पुनम : मंग डोळे काऊन पुसून राह्यले, भाऊ?

हेमराज : हे चाक तुम्ही बदलता म्हणता. साध्या सायकलचंबी बदलता येते?

पुनम : कोणत्याबी सायकलचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हेमराज : अर्धा तास.

पुनम : ती लेडीज घेऊन या ना. देते करून. कुठी आहे?

हेमराज : तलावात.

पुनम : तलावात?

हेमराज : मीच टाकली. माह्या पोरीची होती, डिंपलची. नववीत आहे ती, शाळेतून भेटली होती. मी ग्रामपंचायतीत कम्प्युटरवर बसतो. अकरा वर्षं झाले, त्याच खुर्चीत. डॉक्टर म्हणाले शुगर निघाली, चालत जा. चाललो तं गुडघे धरते. मंग सकाळी, घरचे उठाच्या आधी, तिची सायकल काढू लागलो. पाच दिवस गेलो. कोणाले पत्ता नाई. चांगलं वाटून राह्यलं होतं. सहाव्या दिवशी तो खड्डा आला.

पुनम : लागलं?

हेमराज : कोपर खरचटलं, ते काई नाई. पण चाक फिरतच नव्हतं. खांद्यावर घेऊन गावातून न्यावी लागली असती. हापशीवर बाया आल्या होत्या. मी त्यायच्या समोरून कसा जाऊ? हेमराजबाबूच्या बुडाखाली पोरीची सायकल मोडली. लग्नात सांगतले असते, तेरवीत सांगतले असते. तलाव बाजूलेच होता.

पुनम : घरी काय सांगतलं?

हेमराज : चोरीले गेली.

पुनम : कोणावर आलं?

हेमराज : मी कोणाचं नाव नाई घेतलं.

पुनम : ते नाई विचारलं मी.

हेमराज : लटारूवर. आमच्या गावचा गायकी आहे, लोकायचे ढोरं चारते. एवढ्या सकाळी तिकडं तोच असते. पोलीस पाटलानं त्याची झोपडी पाह्यली, भांडेकुंडे बाहेर काढले. सारं गाव जमा होतं. मीबी होतो.

पुनम : आणि बोलले नाई.

हेमराज : उद्या बोलतो म्हटलं. मंग परवा. दीड महिना झाला.

पुनम : पोरगी कशी जाते शाळेत?

हेमराज : मी सोडतो मोटरसायकलनं. परवा लटारू आडवा आला रस्त्यात. डिंपल मागून थुंकली त्याच्याकडं पाहून. अशी नाई ती, ताई. शिकवलं नाई आम्ही तसं. मी गाडी थांबवाले पाह्यजे होती. मी स्पीड वाढवली.

पुनम : उतरा, भाऊ. हळू. हां.

हेमराज : देत नाई का मले सायकल?

पुनम : देते ना. चाकं बांधाले दोन दिवस लागतीन, परवा या.

हेमराज : काई म्हणत नाई तुम्ही?

पुनम : मी काय म्हणू? सायकल विकते मी. त्या लटारूले मी कधी पाह्यलं नाई, त्याच्याकडून तुम्हाले माफ कसं करू? आणि पावतीवर नाव कोणाचं टाकू, साळ्याचं?

हेमराज : हेमराज लिहा.

[दुसऱ्या दिवशी सकाळी, लटारूच्या झोपडीपुढं.]

लटारू : कोन हाये?

हेमराज : मी, लटारूभाऊ. हेमराज.

लटारू : पाटील बी आला का संगं?

हेमराज : नाई. एकटाच आलो.

लटारू : आता काय चोरीले गेलं?

हेमराज : काई नाई गेलं. बसू का?

लटारू : खाटेवर नोको, दोरी सडली हाये. त्या दगडावर बस.

हेमराज : लटारूभाऊ, सायकल चोरीले नव्हती गेली. माह्या हातानं मोडली. मीच तलावात टाकली.

लटारू : ठाऊक हाये.

हेमराज : काय ठाऊक आहे?

लटारू : बेसरमाच्या झुडपामांगं होतो मी. म्हशी पान्यात बसल्या होत्या. पाह्यलो ना तुले, दोनी हातानं उचलून फेकलास ते.

हेमराज : मंग पाटलापुढं काऊन नाई सांगतलं?

लटारू : कोनं मानलं असतं? तू साऱ्या गावाचे कागद काढून देतेस. मी ढोरामांगं फिरनारा. म्हनले असते, सोता चोरते अन् हेमराजबाबूवर ढकलते. सात घरच्यायनं माह्याकडं गाई चाराले देनं बंद केलं. शेजारची गोकुळा तं मले दारात उभी करत नाई आता.

हेमराज : पाटलाले नाई, पण कोणा एकाले तरी सांगाचं होतं. माह्या तोंडावर तरी म्हणाचं होतं.

लटारू : म्हननार होतो. भांडे काढले त्याच दिवशी आलतो तुह्या घरापावत. मंग वापस गेलो.

हेमराज : काऊन?

लटारू : सायकल फेकल्यावर तू तलावाच्या पारीवर, काठावर बसला होतास. तोंडात दुपट्टा कोंबून रडलास, लेकरावानी. लय येळ. तसं रडताना पाह्यलेल्या मानसाचं चारचौघात कसं सांगाव? जमलं नाई मले.

हेमराज : लटारूभाऊ...

लटारू : पाय नोको धरू. ऊठ.

हेमराज : माफी मागाले आलो मी.

लटारू : इथी नोको मागू. इथी आयकाले कोन हाये? माहे भांडे गावापुढं काढले.

हेमराज : गावापुढंच सांगतो. डिंपलले सकाळीच सांगतलं. दार लावून बसली आहे. आता ग्रामपंचायतीपुढं जातो, पाटलाले बलावतो.

लटारू : चाक कशानं मोडलं, ते बी सांगशीन?

हेमराज : सांगन.

लटारू : हासतीन लोक.

हेमराज : हासतीन. उद्या नवी सायकल आणून राह्यलो चंद्रपूरवरून, माह्या वजनाची. तेव्हाबी हासतीन. रोज दिसन मी त्यायले.

लटारू : अन् तुही पोरगी?

हेमराज : येईन का नाई, माहीत नाई. बलावलं आहे तिले. तिनं तुमच्यापुढं यावं असं वाटते, पण तिच्यावर जोर कसा करू? चूक माही आहे.

लटारू : तिच्यावर नोको रागावू.

हेमराज : जातो मंग.

लटारू : थांब जरासा.

हेमराज : काय झालं?

लटारू : धुतलेला सदरा घालून येतो.