एम्डनचं सर्व्हिस बुक

(मेलबर्नजवळच्या टार्निटमधलं एक गराज. ऑगस्ट २०२०, कडक लॉकडाऊन. गणपतीला दोन दिवस उरलेत. दुपारचे साडेतीन.)

सारंग : थांबा बाबा, रेकॉर्डिंग बंद केलंय मी. मंडळाला देखावा स्पर्धेसाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ हवाय. दोन मिनिटं झाली आणि तुम्ही अजून जर्मनीतून हललेला नाहीत.

पद्माकर : हलणार कसा? आधी बोट बांधून व्हायला नको?

सारंग : गणपतीच्या देखाव्यात बोट बांधत बसतं का कोणी? डायरेक्ट लढाई घ्या. दोन तोफा, थोडा धूर, मागे आरती. डन.

पद्माकर : अरे, माणसाचं सर्व्हिस बुक पहिल्या पानापासून वाचतात. रुजू कधी झाला, बदल्या कुठे, शेरे काय. बोटीला वेगळा न्याय कशाला? हं, कर चालू. "भक्तहो, एम्डन ही जर्मन आरमाराची हलकी क्रूझर. डान्झिगच्या गोदीत एकोणीसशे आठ साली ती पाण्यात सोडली. दहा साली चीनच्या किनाऱ्यावर, त्सिंगतावला बदली झाली. त्यानंतर बाई माहेरी गेल्या नाहीत."

सारंग : 'बाई' काढा. जज म्हणून पॉइंट कुकचा नरेंद्र आहे. तो कशानेही ऑफेन्ड होतो.

पद्माकर : मोदक खाणाऱ्या कांगारूला गेल्या वर्षी पहिला नंबर देणारा तोच ना? मग त्याच्या भावना जपायलाच हव्यात.

सारंग : लोक अष्टविनायक करतात, किल्ले करतात. जर्मन क्रूझर कोणी केली नाहीये आजपर्यंत. तुम्हाला सुचलं तरी कुठून हे?

पद्माकर : तुझ्या गराजमधून. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस मी, इथे आठवा महिना चाललाय. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसाला एक तास फिरायचं, आठ वाजता कर्फ्यू. तुझ्या लेकीला, शिवांगीला दुपारी झोपवलं की दोन तास माझे. त्या दोन तासांत बायका शिवण शिकतात, मी क्रूझर शिकलो.

सारंग : ओके, ओके. ही धुराडी छान झालीत पण.

पद्माकर : मार्चमध्ये तू टॉयलेट पेपरचे बहात्तर रोल आणून ठेवलेस. मारामारी करून आणलेस म्हणे. त्या पराक्रमाचं काहीतरी स्मारक हवंच.

सारंग : आणि हे चौथं निळं कशाचं?

पद्माकर : मितालीच्या मास्कचं कापड. चौथं धुराडं खोटं होतं. एम्डनला तीनच. इंग्रजांच्या बोटींना चार असत, म्हणून यांनी लाकूड-कापडाचं चौथं उभं केलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आपलीच बोट आहे.

सारंग : क्लेव्हर. मग गणपती कुठे बसवायचा? एम्डनवर बसवला तर ती बुडते, म्हणजे पहिल्याच दिवशी विसर्जन. ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' बोटीवर बसवला तर बाप्पा स्वतः तोफा डागतोय असं दिसेल. मिताली म्हणाली, दोन्ही बॅड टेस्ट.

पद्माकर : बोटीवर बसणारच नाही. तो या बेटावर बसेल. हे पत्र्याचं घर दिसतंय ना, चहाच्या डब्याचं? कोकोस बेटावरचं तार ऑफिस.

सारंग : आलं. तुमच्या नोकरीचं तारखातं आलंच शेवटी.

पद्माकर : येणारच. एम्डनला सिडनीने बुडवलं असं तुमचे ऑस्ट्रेलियन म्हणतात. मी म्हणतो, तारवाल्यांनी बुडवलं. नऊ नोव्हेंबर एकोणीसशे चौदा, पहिलं महायुद्ध चालू, सकाळची वेळ. बेटाच्या तोंडाशी बोट आली. ऑफिसातल्या लोकांनी बघितलं, एक धुराडं कापडाचं आहे. जर्मनांचे पन्नास लोक बंदुका घेऊन उतरताहेत, तारा तोडणार, यंत्रं फोडणार, हे दिसतंय. तरी त्यांनी निरोप लावला. अनोळखी बोट आली आहे, मदत पाठवा. सिडनी पन्नासेक मैलांवर होती. ती आली आणि बाईंचं सर्व्हिस बुक बंद झालं.

सारंग : आणि तारवाल्यांना मारलं जर्मनांनी?

पद्माकर : छे. बिनतारी यंत्राचा उंच डांब पाडायला लागले तेव्हा तारवाले म्हणाले, जरा बघून पाडा, आमचं टेनिस कोर्ट आहे. जर्मनांनी खरंच बाजूला पाडला. निरोप गेलेला होता, मग कोर्टाची काळजी करायला मोकळे.

सारंग : हे घ्या व्हिडिओत. फनी आहे. आणि मद्रास घ्या थोडं. माझ्या टीममधला सेंथिल सांगतो, त्यांच्याकडे अजून बेरक्या माणसाला एम्डन म्हणतात.

पद्माकर : मद्रास एका वाक्यात आहे. एम्डनने तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या, माणसं मेली, तिथे विनोद नको. मोठा परिच्छेद आहे तो दिएगो गार्सियाचा. चालू कर.

सारंग : तिथे कुठली लढाई झाली?

पद्माकर : कुठलीच नाही. म्हणूनच. "ऑक्टोबरात एम्डन दिएगो गार्सिया नावाच्या बेटावर आली. युद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. पण बेटावर तारेची सोय नव्हती, टपाल तीन-तीन महिन्यांनी येई. तिथल्या इंग्रजी अंमलाखालच्या लोकांना युद्धाचा पत्ताच नव्हता. त्यांनी जर्मनांचं स्वागत केलं. फळं दिली, मासे दिले. जर्मनांनी त्यांची बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली. दारू पाजली, सिगार दिले. हसले, बोलले. आणि एक बातमी तेवढी गिळली."

सारंग : ठीक आहे, पण हे एवढं लांब कशाला? कट करू.

पद्माकर : पुढे आहे. "भक्तहो, पाहुणचार करणाऱ्याला माहीत नव्हतं. पाहुण्याला माहीत होतं. आमच्याकडे हे उलटं झालं. शुक्रवारी बातमी आली. शनिवारी पाहुण्याला लोकरीचे उबदार बूट मिळाले, ऑनलाइन मागवलेले. रविवारी मुलाने स्वतःच्या हाताने उपमा केला, काजू घालून."

सारंग : बाबा.

पद्माकर : "काजू जरा करपले होते."

सारंग : तुम्ही मेल बघितलीत.

पद्माकर : रेकॉर्डिंग चालू आहे की बंद केलंस?

सारंग : बंद आहे. कधी बघितलीत?

पद्माकर : शुक्रवारी. शिवांगीला बडबडगीतं लावून देतो तो टॅब तुझ्याच नावाचा आहे. ससा उडी मारत होता, त्याच्या डोक्यावर मेलची पट्टी आली. परतीच्या खास विमानात पद्माकर यांना एक जागा. पंचवीस तारीख. अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवा.

सारंग : मी सांगणार होतो.

पद्माकर : कधी? विसर्जनानंतर?

सारंग : ऐका ना. चाइल्डकेअर बंद आहे. माझे सकाळपासून कॉल्स, मितालीची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट. तुम्ही गेलात तर शिवांगीला कोण बघणार? मितालीला जॉब सोडावा लागला असता. आणि पुण्यात केसेस किती आहेत बघा. दिल्लीला उतरून पुढे क्वारंटाइन, या वयात. मी तुमच्याच सेफ्टीचा विचार केला.

पद्माकर : दोन कारणं दिलीस. त्यातलं एक खरं आहे आणि दुसरं चौथं धुराडं आहे.

सारंग : असं टोचून बोलू नका. सरळ ओरडा.

पद्माकर : ओरडायला काय, ओरडेन. चौतीस वर्षं मी तार ऑफिसात काढली. लोकांचे मृत्यू माझ्या हातातून गेले, लग्नं गेली, नापास पोरं गेली. कुणाचा निरोप मी कधी अडवला नाही. वाईट वाटेल म्हणून नाही, सोयीचा नाही म्हणूनही नाही. ते कोकोसवाले बंदुकीसमोर बसून निरोप पाठवतात. तुझ्यासमोर काय होतं रे? एक बटण.

सारंग : सॉरी.

पद्माकर : तुझी आई फेब्रुवारीत पुण्याला परत गेली, मावशीच्या ऑपरेशनला. मी मागून मार्चअखेर येतो म्हणालो. सहा महिने ती एकटी आहे. दूधवाला फाटकाला पिशवी टांगून जातो. मूर्ती आणायला जाता येत नाही म्हणून यंदा सुपारीचा गणपती पुजणार आहे. मला देखावा नको, बूट नकोत. मला घरी जायचंय, सारंग.

मिताली : काय झालं? बाहेर ड्राइव्हवेपर्यंत आवाज येतोय. कोणी जवळ येऊ नका, मी लॅबमधून आलेय, आधी अंघोळ.

पद्माकर : ये, सूनबाई. देखाव्याची तालीम चालली आहे.

मिताली : तुमचा चेहरा देखाव्याचा नाहीये. सारंग, तू बोल.

सारंग : बाबांच्या फ्लाइटची मेल आली होती. लास्ट फ्रायडे. मी रिप्लाय केला नाही. सीट गेली.

मिताली : मी तुला रोज विचारत होते, मेल आली का. तू रोज नाही म्हणालास.

सारंग : तुझ्यासाठीच केलं ना. तुला जॉब सोडावा लागला असता.

मिताली : मला विचारलंस? मी दोन महिन्यांची लीव्ह टाकली असती, नाइट्स मागितल्या असत्या, बघितलं असतं काहीतरी. माझ्या नावावर खपवू नकोस हं. आईंशी रोज व्हिडिओवर मी बोलते. त्या मला रोज विचारतात, यांचं काही कळलं का. मी रोज तोंड वर करून सांगते, नाही हो आई, अजून काही नाही. आठवडाभर तू मला खोटं बोलायला लावलंस.

पद्माकर : शाब्बास. लिहून ठेव सारंग, हा शेरा आहे.

मिताली : एक मिनिट. बाबा, तुम्हाला कधी कळलं?

पद्माकर : शुक्रवारीच. टॅबवर.

मिताली : शुक्रवारी? मग रविवारपर्यंत टाइम होता.

पद्माकर : होता.

मिताली : रिप्लाय तुम्हालाही करता आला असता. टॅब तुमच्याच मांडीवर असतो.

पद्माकर : मेल त्याच्या नावावर होती.

मिताली : सीट तुमच्या नावावर होती. तुम्ही का नाही दाबलंत बटण?

पद्माकर : मला वाटलं, हा येईल. शुक्रवारी रात्री येईल, शनिवारी येईल. बूट घेऊन आला तेव्हा वाटलं, आता सांगतोय. त्याने सांगायला हवं होतं. मी मागून घ्यायची गोष्ट नव्हती ती.

मिताली : म्हणजे तुम्ही परीक्षा घेत होतात.

पद्माकर : बापाने मुलाकडून एवढी अपेक्षा ठेवू नये का?

मिताली : ठेवा की. पण तुमच्या येण्याची वाट बघतायत त्या आई. त्यांना कोणी विचारलं? शनिवारी तुम्ही त्यांच्याशी अर्धा तास बोललात, मी तिथेच कणीक मळत होते. एम्डनवर बोललात. त्यांना सांगितलंत, जागा आली आहे?

सारंग : मिताली, जाऊ दे ना.

मिताली : का जाऊ दे? तुला आता बरं वाटतंय म्हणून? तुम्ही दोघं बापलेक गराजमध्ये बसून कोण किती चांगला ते मोजताय आणि तिकडे एक बाई रोज एकच प्रश्न विचारते. बाबा, तुमचं चौतीस वर्षांचं रेकॉर्ड छान आहे. पण शुक्रवारपासून त्यात एक निरोप अडलेला आहे.

पद्माकर : ती खचली असती. जागा आली आणि गेली, असं ऐकून.

मिताली : हे तर सारंगचंच कारण झालं. सेफ्टीचं.

पद्माकर : हं.

सारंग : बाबा, पुढची फ्लाइट सप्टेंबरच्या एंडला आहे. मी आत्ता फॉर्म भरतो. या वेळी ईमेल तुमचा टाकतो.

पद्माकर : टाक. पासवर्ड कागदावर लिहून दे. आणि पुण्यात किती वाजले आत्ता?

सारंग : इथे चार, म्हणजे साडेअकरा.

पद्माकर : तिची पूजा झाली असेल. लाव फोन.

सारंग : मी बोलतो आधी. चूक माझी आहे, मी सांगतो तिला.

पद्माकर : तू तुझं नंतर सांग. ते तुझं खातं आहे. आधी माझा निरोप जाऊ दे.

सारंग : व्हिडिओ लावू?

पद्माकर : नको. तोंड बघून मी विषय बदलतो. साधा लाव, स्पीकरवर. ऐकू दे तुम्हालाही.

मिताली : मी जाते अंघोळीला. तुमचं दोघांचं बोलणं आहे.

पद्माकर : थांब. तुलाही ती रोज विचारते ना, मग तूही ऐक.

सारंग : रिंग जातेय. घ्या, उचलला.

पद्माकर : चित्रा, मी बोलतोय. नाही, नाही, तब्येत बरी आहे सगळ्यांची. शिवांगी झोपली आहे. एम्डन राहू दे आता. बसली आहेस का? बस जरा. ऐक, गेल्या शुक्रवारी विमानात मला जागा आली होती. मी घेतली नाही.