आप्पांची तुटकी झोप

गड्या, त्या झोप मोजायच्या बँडचं नाव काढू नको, माझं डोकं अजून गरगरतंय. आमचे आप्पा फौजेतनं रिटायर होऊन लय वर्षं झाली. "माझी झोप म्हंजे दगूड," असं आमच्या कुंडल गावभर सांगत फिरायचे. म्हणून हौसेनं त्यांच्या मनगटावर बँड बांधला. सकाळी मोबाइलमध्ये बघतो तर झोपेचे नुसते तुकडे! दर दोन तासांनी जाग.

आप्पा भडकले, "खोटारडं हाय ह्ये!"

पट्टा घट्ट केला, बँड रीसेट केला, अ‍ॅप काढून परत टाकलं. तरी तेच. शेवटी आईच्या हातात बांधून बघितला, तर तिचेही तसेच तुकडे, त्याच वेळांना! म्हटलं, बँडच खराब. परत पाठवायला खोक्यात भरायला लागलो.

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "चांगल्या वस्तूला नावं ठिवू नगंस. ह्येच उठत्यात. पहाऱ्यावर असल्यागत ताठ बसून वरडत्यात, 'थम! कौन आता है?' मी 'दोस्त' म्हनलं की परत घोराय लागत्यात."

मी माडीवर झोपतो, मला पत्ताच नाही! आप्पांचा तर चेहरा पांढराफटक.

"मी? कवापास्नं?"

"फौजेतनं आलाय तवापास्नं."

"अगं, मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"आवं, मला वाटलं, पेन्शन त्याचीच देत्यात."